धूर कुणाच्या वाट्याला? : राहाता परिसराच्या इंधनाचा इतिहास

(राहाता येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय कोळसा, तेल आणि सूर्य. विषय मोठा आहे, पण जगाच्या तापमानाचे आकडे सांगून मी तुम्हाला सुरुवातीलाच घाबरवणार नाही. ते आकडे येतील त्यांच्या जागी. आपण सुरुवात आपल्या चुलीपासून करू.

इतिहासाच्या पुस्तकात इंधनाला फारशी जागा मिळत नाही. कुठल्या राजाने कुठला किल्ला घेतला हे आपल्याला पाठ असतं. पण त्याच्या सैन्याची भाकरी कशावर भाजली, त्यासाठी लाकूड कुठून आलं, हे कुणी विचारत नाही. आज आपण तेच विचारायचं आहे. आणि प्रत्येक इंधनाला एकच प्रश्न करायचा : काम कुठे झालं, आणि धूर कुठे गेला? एवढा एक प्रश्न धरून ठेवला तर आपल्या तालुक्याचा दीडशे वर्षांचा इतिहास वेगळा दिसायला लागतो.

चूल आणि धुनी

राहाता तालुका वेगळा झाला तो अलीकडे, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी राहाता, शिर्डी कोपरगाव तालुक्यात आणि लोणी श्रीरामपूर तालुक्यात. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. दाट जंगल इथे नाहीच. त्यामुळे जळण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचे फाटे आणि गोवऱ्या. इथे बसलेल्या ज्येष्ठ महिलांना हे मी सांगायला नको.

त्या जळणाचा हिशेब बघा. गोळा करायला बाईच, डोक्यावर आणायला बाईच, आणि फुंकणी घेऊन फुंकायलाही बाईच. काम जिथे, धूर तिथेच. आढ्याला काजळी धरायची ती दिसायची. फुप्फुसाला धरायची ती दिसत नव्हती. आपण जुन्या चुलीवरच्या भाकरीची आठवण काढतो, चवीने काढतो. पण ज्यांनी ती भाकरी केली त्यांचे डोळे का गेले, तो खोकला कसला होता, हेही त्याच आठवणीत धरलं पाहिजे.

आपल्याकडे आणखी एक अग्नी आहे, जगभर माहीत असलेला. शिर्डीच्या द्वारकामाईतली धुनी. साईबाबांचं निर्वाण १९१८ सालचं, पण धुनी आजही तेवते आहे, लाकडावर. तिची राख, उदी म्हणून, लोक श्रद्धेने घरी नेतात. ही राख लक्षात ठेवा. पुढे मी तुम्हाला दुसऱ्या एका राखेकडे नेणार आहे, जी कुणालाच आपल्या दारात नको असते.

१८७८

आता एक साल सांगतो. १८७८. या साली आपल्या भागातून आगगाडी धावायला लागली. दौंड–मनमाड मार्ग. पुणतांबा, चितळी ही आपली स्टेशनं त्याच मार्गावरची. त्याआधीची दोन वर्षं भीषण दुष्काळाची होती. विदर्भात वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू झाली तीही त्याच दशकात. म्हणजे कोळसा खणणं आणि कोळशावर गाडी पळवणं, दोन्ही महाराष्ट्राच्या भूमीवर जवळजवळ एकदमच आलं. इथल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं पहिलं मोठं वाफेचं इंजिन ते रेल्वेचंच असणार.

पण त्याच १८७८ साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली, ती फार कमी लोकांना माहीत आहे. विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज मुंबई उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार होता. कचेरीतला माणूस, पण त्याला नाद सूर्याचा. त्याने कुलाब्यात लहान लहान सपाट आरसे एका मोठ्या चौकटीत बसवले, त्यांचं ऊन तांब्याच्या बॉयलरवर पाडलं, वाफ केली, आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवला. कोळसा नाही, लाकूड नाही. त्याने सूर्यचूलही केली. जानेवारीच्या थंडीत, दोन तासांत, सात शिपायांचं जेवण त्या चुलीवर शिजल्याची नोंद आहे. आणि १८७८ सालीच त्याने पुस्तक छापलं. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, हे त्याचं म्हणणं. मुंबईत कोळसा विलायतेहून जहाजाने यायचा, महाग पडायचा. आणि ऊन तर फुकट पडलेलं.

म्हणजे मंडळी, सौरऊर्जा ही काल-परवा निघालेली गोष्ट आहे असं कुणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांगा. आपल्या भागात कोळशाची गाडी आली त्याच साली मुंबईत सूर्यावर पंप चालला होता.

मग झालं काय? गाडीला दिवसरात्र, पावसाळ्यातसुद्धा जाळ लागतो. ऊन साठवून ठेवता येत नव्हतं, कोळसा येत होता. हा झाला तांत्रिक भाग. दुसरा भाग असा, की कोळशाच्या किमतीत धुराची किंमत कधी धरलीच गेली नाही. खाणीतल्या माणसाची फुप्फुसं, हवेत जाणारा वायू, हे हिशेबाच्या वहीत कुठेच नव्हतं. कोळसा स्वस्त ठरला तो असा.

मोट, कालवा, इंजिन

दुष्काळ येत राहिले. १८९६–९७, मग १८९९–१९००. सरकारने सिंचन आयोग नेमला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत आपल्या भागाचं रूप बदललं. नांदूर मधमेश्वरचा बंधारा, दारणा धरण, गोदावरीचे उजवा-डावा कालवे. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण, १९२६ साली पूर्ण झालेलं. कालव्याचं पाणी उताराने येतं. त्याला इंधन लागत नाही. हे आपण विसरतो. आपल्या तालुक्याला श्रीमंत करणारी पहिली शक्ती ही गुरुत्वाकर्षणाची होती!

पण कालवा सगळीकडे पोचत नाही. विहिरीचं पाणी वर काढायला मोट होती. बैल धावेवरून खाली जायचे, नाडा ताणला जायचा, मोट वर यायची आणि थारोळ्यात पाणी ओतायची. मोटेचं इंधन म्हणजे कडबा. बैलाने खाल्लेला कडबा त्याच शेतातला, शेणही त्याच शेतात. धूर शून्य. पण पाणी किती? दिवसभर मोट हाकली तरी भिजणार थोडकंच रान. मोटेचं कौतुक करताना बैलाची आणि मोटकऱ्याची दमछाक विसरायला नको.

याच काळातली एक परदेशातली गोष्ट सांगतो, कारण ती थेट शेताच्या पाण्याची आहे. १९१३ साली इजिप्तमध्ये, कैरोजवळ मादी इथे, फ्रँक शुमन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने लांबच लांब आरशांच्या पन्हळी उभ्या केल्या, सूर्याच्या उष्णतेवर वाफ केली आणि नाईलचं पाणी कापसाच्या शेताला उपसून दिलं. यंत्र चाललं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं, काम बंद पडलं, आणि युद्धानंतर जग तेलाच्या मागे लागलं. म्हणजे सूर्यावरचा शेतीपंप ऐंशी-नव्वद वर्षं मागे पडला तो यंत्रात दोष होता म्हणून नाही. खनिज तेल स्वस्तात हाताशी आलं म्हणून.

तेल आपल्याकडेही आलं. आधी विलायती इंजिनं, मग १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि देशी इंजिन गावागावांत पोचलं. तो 'टुक टुक टुक' आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. मोट गेली. बैल कमी झाले. धूर आला, पण शेतावर, उघड्या रानात. पाण्यासाठी आपण पहिल्यांदाच जमिनीखालचं, लाखो वर्षांपूर्वी साठलेलं इंधन जाळायला लागलो, आणि तेही बाहेरून विकत आणलेलं. शेतकऱ्याचा खर्च पहिल्यांदा तेलाच्या भावाला बांधला गेला तो इथे.

धुराडं

आता आपल्या तालुक्याचा सगळ्यात मोठा धडा. साखर कारखाना. शेजारी हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना आधीच होता. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्या बरोबरच्या शेतकऱ्यांनी, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना अध्यक्ष करून, लोणीला सहकारी कारखाना उभा केला. १९५०–५१ चा पहिला हंगाम. हा इतिहास तुम्हाला माहीत आहे, मी तो परत सांगत नाही. मी फक्त त्याच्या बॉयलरकडे बघणार आहे.

साखर कारखान्याची गंमत अशी की तो आपलं इंधन बरोबर घेऊन येतो. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघतं. तेच बॉयलरमध्ये जातं, त्याची वाफ, त्या वाफेवर गाळप. गुऱ्हाळातही हेच होतं. चुलवाणात चिपाडंच जळायची आणि वर काहिलीत रस उकळायचा. कारखान्याने तेच मोठ्या प्रमाणात केलं. पुढे बगॅसवर वीज करून ती बाहेर विकायची, म्हणजे सहवीजनिर्मिती, हा प्रकार महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांत आला.

इथे एक फरक नीट समजून घेऊ, कारण बरेच जण यात गोंधळतात. बगॅस जाळलं तरी कार्बन डायऑक्साईड निघतो आणि कोळसा जाळला तरी निघतो. मग फरक काय? उसाने तो वायू गेल्या वर्ष-दीड वर्षात हवेतूनच घेतलेला असतो. पुढचा ऊस तो परत घेतो. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता. तो आपण वर काढून हवेत सोडतो, आणि तो परत गाडला जात नाही. कारखाने सुरू होण्याआधीच्या जगात हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे साधारण २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. ही वाढ मुख्यतः या गाडलेल्या इंधनाची.

म्हणून बगॅस चांगलंच असं मात्र मी म्हणणार नाही. त्याची राख, काजळी धुराड्यातून गावावर पडते. चांगली गाळणी नसेल तर वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते. आणि ऊस पाणी किती पितो, हा तर वेगळ्या व्याख्यानाचा विषय. पण एवढं खरं की कारखान्याचा धूर कारखान्याच्याच गावावर पडत होता. दिसत होता. आणि दिसणाऱ्या धुराबद्दल भांडता येतं.

वीज आली, धूर गेला

१९६० साली महाराष्ट्र झाला, त्याच साली राज्य वीज मंडळ झालं. गावोगाव तारा आल्या, विहिरीवर मोटर बसली. बटण दाबलं की पाणी. ना धूर, ना तेलाचा वास. पुढे मीटरऐवजी अश्वशक्तीवर बिल आकारायची पद्धत आली, म्हणजे मोटर कितीही वेळ चालवा, पैसे तेवढेच. लोकांना वाटलं, इंधनाचा प्रश्न सुटला.

सुटला नव्हता मंडळी. लांब गेला होता.

आपण हिशेब करू. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर साधारण तीस युनिट वीज लागते. कोळशाच्या केंद्रात एका युनिटला आपल्याकडचा साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जातो. म्हणजे एका पंपाच्या एका पाळीला वीस किलो कोळसा. आपल्या कोळशात राख भरपूर, तीस-चाळीस टक्के. म्हणजे सात किलो राख, आणि तीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साईड. एका पंपाचा, एका दिवसाचा. राज्यात शेतीपंप चाळीस लाखांहून जास्त आहेत. सगळी वीज कोळशाची नसते. कोयना आहे, इतर जलविद्युत आहे, पवनचक्क्या आहेत. पण मोठा वाटा कोळशाचाच.

तुमच्या विहिरीवर पाणी निघालं. मग ती सात किलो राख कुठे पडली? त्यातली काही आपल्याच गोदावरीच्या खोऱ्यात, नाशिकजवळ एकलहऱ्याला. ते केंद्र १९७० पासूनचं. पण मोठा भार विदर्भाने उचलला. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र ऐंशीच्या दशकात सुरू झालं, आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. राज्य सरकारच्या केंद्रांमधलं सगळ्यात मोठं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरचे गुण ८३.८८ आणि देशात क्रमांक चौथा. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा इथला राखेचा तलाव फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत गेला. ती शेतंही शेतकऱ्यांचीच होती.

मघाशी म्हटलं होतं ना, राख लक्षात ठेवा. शिर्डीची राख लोक कपाळाला लावतात. ही राख तिकडच्या माणसाच्या कपाळी आली, त्याला न विचारता. आपण ऊस, पेरू, द्राक्षं पिकवली, ती आपल्या कष्टाची आहेत, त्यात शंका नाही. पण त्या पिकाच्या खर्चात एक ओळ चंद्रपूरने भरली आहे, आणि ती आपल्या कुठल्याच वहीत नाही.

रात्रीची पाळी

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वाट्याला काय कमी आलं? खरं आहे. विजेची किंमत आपणही वेगळ्या रीतीने दिली. दिवसा वीज कारखान्यांना आणि शहरांना लागते, तेव्हा शेतीला वीज पाळीने. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. कोळशाचं केंद्र रात्री बंद करता येत नाही, त्याची रात्रीची वीज कुणाला तरी द्यायची असते. ती कुणाला दिली? शेतकऱ्याला.

माझ्या लहानपणीची ही आठवण आहे, पण इथल्या निम्म्या लोकांची ती आजचीही असेल. थंडीत रात्री दीड-दोनला वडील उठायचे, कानाला मफलर, हातात बॅटरी आणि खांद्यावर फावडं. दारे धरायला. आई जागीच असायची ते परत येईपर्यंत. पायाखाली काय येईल याची भीती, मोटरच्या पेटीत ओल आली असेल याची भीती. आणि अलीकडे बिबट्या. आपल्या जिल्ह्यात अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. माणसांच्या भर वस्तीत, उसाच्या रानात बिबटे कायमचे राहतात, पिल्लं वाढवतात, हे त्यांनी दाखवलं. उसात बिबट्या आणि उसाला पाणी रात्री दोन वाजता. त्यामुळे 'दिवसा वीज द्या' ही शेतकऱ्याची मागणी मला तरी जिवाची मागणी वाटते. सोयीचा प्रश्न तो कधीच नव्हता.

प्रसादालयाच्या गच्चीवर

या सगळ्यात सूर्य परत कधी आला? १९७३ साली तेलाचे भाव भडकले तेव्हा सरकारं जागी झाली. केंद्रात १९८२ साली अपारंपरिक ऊर्जेचं स्वतंत्र खातं आलं, राज्यात १९८५ साली 'महाऊर्जा' आली. सूर्यचुली वाटल्या गेल्या, बऱ्याचशा माळ्यावर गेल्या. हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. दुपारी ऊन असताना बाई शेतावर आणि स्वयंपाक सकाळ-संध्याकाळ. चूल माणसाच्या वेळेला जुळली नाही.

पण शिर्डीत जुळली. संस्थानच्या प्रसादालयात २००९ साली सौर वाफेची यंत्रणा बसली. सोळा चौरस मीटरच्या ७३ तबकड्या. या तबकड्यांची रचना वुल्फगांग शेफलर यांची, त्यांनी ती आधी १९८६ साली केनियात केली होती. तबकडी सूर्याबरोबर हळूहळू फिरते, ऊन एका ठरलेल्या जागी पडतं, तिथे पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ नळ्यांतून खाली भटारखान्यात जाते. भाताच्या, वरणाच्या मोठ्या भांड्यांना ती वाफ. वर्षाला सुमारे एक लाख किलो गॅस वाचेल असा त्या वेळचा अंदाज होता.

इथे का जुळलं ते बघा. स्वयंपाक दुपारचाच, हजारोंचा, रोजचा. वाफेवर शिजवायची पद्धत आधीपासून होतीच, बॉयलर होते. ऊन असेल तेव्हा सूर्याची वाफ, ढग आले की गॅस. जुनं मोडून नवं आणलं नाही, जुन्याच्या अंगाला नवं जोडलं. आणि सांभाळायला एक संस्था होती. आरसे पुसायला माणूस लागतो, मंडळी! धुळीने माखलेला आरसा म्हणजे नुसतं पत्र्याचं ओझं.

विल्यम ॲडम्सने मुंबईत सात शिपायांचं जेवण शिजवलं, त्याला तेव्हा एकशे एकतीस वर्षं झाली होती. आणि एवढ्या वर्षांनी चूल पेटली, धूर कुठेच गेला नाही. ना बाईच्या डोळ्यांत, ना चंद्रपुरात.

पण शिर्डीचा पुढचा भागही सांगायला हवा. २०१७ साली काकडीला विमानतळ सुरू झाला, २०२२ च्या डिसेंबरात नागपूर–शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाला. भक्त येतो डिझेलवर, विमानाच्या इंधनावर, आणि जेवतो सूर्यावर. प्रसादाचा धूर आपण थांबवला, प्रवासाचा वाढवला. बेरीज-वजाबाकी दोन्ही मांडली पाहिजे.

सूर्य शेतात येतोय तेव्हा

आता वर्तमान. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, सुरुवात आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आहे. कल्पना सरळ आहे : उपकेंद्राच्या जवळ सौर प्रकल्प, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, दिवसा. त्याशिवाय स्वतंत्र सौरपंप आहेत, ज्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे.

म्हणजे वडिलांची ती रात्रीची पाळी संपू शकते. माझ्या मते या बदलाचं सगळ्यात मोठं मोल इथे आहे. आणि पहिल्यांदाच असं होतंय की विहीर इथे, वीजही इथलीच, आणि धूर कुणाच्याच माथी नाही.

पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला सावध केलंच पाहिजे. प्रत्येक नव्या इंधनाच्या वेळी आपल्याला वाटलं की प्रश्न सुटला. म्हणून तीन प्रश्न आजच विचारून ठेवू.

पहिला पाण्याचा. मोटेला बैल दमायचा, इंजिनला तेल संपायचं, विजेची पाळी संपायची. प्रत्येकाने पाणी उपसायला कुठेतरी लगाम घातला होता. सौरपंपाला ऊन आहे तोवर लगाम नाही. धूर गेला आणि विहीर आटली तर काय मिळवलं? सौरपंपाबरोबर ठिबक आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद आलाच पाहिजे.

दुसरा जमिनीचा. एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात. शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, चांगली गोष्ट आहे. पण गायरान गेलं तर? ज्याला एक गुंठा नाही, त्याच्या शेळ्या तिथे चरतात. त्याला भाडं कोण देणार? चंद्रपूरला न विचारता राख दिली, तसं गायरानावरच्या माणसाला न विचारता पॅनेल देऊ नका. ग्रामसभेत हा विषय निघाला तर या माणसाला बोलू द्या.

तिसरा रात्रीचा. सूर्य मावळल्यावर काय? याचं एक उत्तर आपल्याच प्रवरेच्या उगमाजवळ आहे. घाटघर. २५० मेगावॅटचा प्रकल्प, २००८ पासूनचा. वीज जास्त असते तेव्हा खालचं पाणी वरच्या धरणात चढवायचं, वीज कमी पडते तेव्हा तेच खाली सोडून वीज करायची. आधी रात्रीच्या उरलेल्या कोळशाच्या विजेचा विचार करून हे बांधलं. आता दुपारच्या सूर्याची वीज अशीच पाण्यात साठवता येईल. बॅटऱ्याही येताहेत. पण उत्तर आहे म्हणून ते लगेच पुरेसं आहे असं नाही. कोळशाची केंद्रं एका दिवसात बंद होणार नाहीत. आणि ती बंद होतील तेव्हा खाणीतल्या, केंद्रातल्या कामगारांचं काय, हाही चंद्रपूरचाच प्रश्न. तो आपला नाही असं आपण म्हणू नये. त्यांनी आपल्यासाठी धूर सोसला आहे.

थांबतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट तुम्हाला आठवत असेल, बागा झोडपल्या गेल्या होत्या. एका गारपिटीचं खापर थेट कोळशावर फोडता येत नाही, शास्त्रज्ञ तसं म्हणतही नाहीत. पण हवा तापली की पावसाचं वेळापत्रक बिघडतं आणि टोकाच्या घटना वाढतात, एवढं ते नक्की सांगतात. म्हणजे लांब पाठवलेला धूर फिरून आपल्या पेरूच्या बागेवर येतोच. त्याला तालुक्याची हद्द कळत नाही.

घरी गेल्यावर विजेचं बिल काढा आणि त्यावर युनिट किती ते बघा. त्याला सहाशे ग्रॅमने गुणा. सुरुवात तिथून करू.



प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : शेतीची वीज आता मोफत आहे, मग शेतकऱ्याने सौरपंप का घ्यावा?*

बरोबर विचारलंत. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ आहे. पण बिल माफ झालं म्हणजे कोळसा जळायचा थांबला का? पैसे सरकार भरतं, राख तिकडे पडतेच. आणि मोफत वीज रात्री दोनला आली तर तिची किंमत तुम्ही झोपेने आणि भीतीने देताच. मला विचाराल तर दर शेतकऱ्याने स्वतंत्र पंप घेण्यापेक्षा सबंध फीडर सौर होणं जास्त बरं. मोटर तीच राहते, देखभाल एका ठिकाणी होते, आणि उरलेली वीज वाया न जाता जाळ्यात जाते.

*प्रश्न : मग चूल वाईटच होती असं म्हणायचं का?*

चूल वाईट नव्हती हो. तिचा धूर एकाच माणसाच्या वाट्याला येत होता, ते वाईट होतं. आणि ते माणूस कोण, हे आपण सगळे जाणतो.